पियानोतला स्क्रू आणि नर्तिकेचे नाव

नृत्यावर एखाद्या उर्दू शाळेतल्या मास्तराने लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. काहींना ते रुचणारही नाही. आमच्या समाजात नाच हा शब्द उच्चारला की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणतो. तरीही हा विषय हाती घेतला तो अशासाठी की त्यात केवळ नाच नाही. एखाद्या कलाकृतीत दोघांचा घाम असतो, तेव्हा इतिहासाच्या हजेरीपटावर नाव कोणाचे चढते, हा त्यातला खरा प्रश्न आहे. या प्रश्नाशी आमच्या शाळेतल्या एका छोट्या घटनेचाही संबंध आहे. ती शेवटी सांगू. आधी मूळ कलाकृती पाहू.

२८ एप्रिल १९४० रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात 'बॅकनाल' नावाचे एक नृत्य प्रथम सादर झाले. नृत्य सिव्हिला फोर्ट यांचे, संगीत जॉन केज यांचे. बॅकस हा प्राचीन रोमनांचा मद्याचा देव. त्याच्या उत्सवातला बेभान जल्लोष म्हणजे बॅकनाल. एक नर्तिका आणि बाजूला एक पियानो, एवढाच सरंजाम. पण त्या पियानोच्या पोटात, तारांच्या मधोमध, काही परक्या वस्तू खोचलेल्या होत्या आणि त्यामुळे त्यातून पियानोचा आवाज येतच नव्हता. विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य संगीताचा इतिहास 'प्रिपेअर्ड पियानो' या नावाने ज्या वाद्याची नोंद करतो, त्याचा जन्म हा असा झाला. आपण त्याला 'सज्ज पियानो' म्हणू.

केज तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. सिएटलच्या कॉर्निश स्कूल या कलाशाळेत बॉनी बर्ड यांच्या आधुनिक नृत्याच्या वर्गांना साथ करण्यासाठी ते १९३८ मध्ये आले होते. साथ करणारा माणूस म्हणजे वर्गात कोपऱ्यात बसणारा माणूस, आपल्याकडच्या सारंगियासारखा. फोर्टबाई बावीस वर्षांच्या, त्याच शाळेत शिकलेल्या. त्यांनी आपल्या नव्या नृत्यासाठी केज यांच्याकडे संगीत मागितले.

पुढचा प्रसंग केज यांनी स्वतः १९७२ मध्ये लिहून ठेवला आहे. त्या काळी ते दोनच प्रकारचे संगीत रचत. एक, सप्तकातल्या बाराही स्वरांना सारखे स्थान देणारे, पियानोसारख्या वाद्यासाठी. दुसरे, तालवाद्यांच्या ताफ्यासाठी. नृत्याचा बाज त्यांना आफ्रिकी वाटला, म्हणून तालवाद्ये हवी होती. पण रंगमंच इतका अरुंद की ताफा बसवायला जागाच नव्हती. ना विंगा, ना वादकांचा खड्डा. मंचाच्या एका बाजूला छोटा पियानो मावेल, तेवढीच मोकळीक. केज यांनी आधी पियानोवरच आफ्रिकी वाटेल अशी स्वरांची ओळ शोधून पाहिली. ती सापडेना. मग त्यांच्या मनात आले की चूक आपली नाही, पियानोची आहे. तेव्हा पियानोच बदलू.

हेन्री कॉवेल हे त्यांचे एक गुरू. पियानोच्या पट्ट्यांना हात न लावता आतल्या तारा बोटांनी छेडण्याचे प्रयोग कॉवेल यांनी आधीच केले होते. केज यांनी ते पाहिलेले. ते घरी स्वयंपाकघरात गेले, एक ताटली आणली आणि तारांवर ठेवली. आवाज बदलला, पण ताटली उडू लागली. खिळा खोचून पाहिला, तो घसरून खाली गेला. मग लक्षात आले की स्क्रू किंवा बोल्ट आट्यांमुळे दोन तारांच्या मध्ये धरून राहतो. झाले! एका वादकाच्या दहा बोटांखाली आख्खा ताफा आला.

हे वाद्य चालते कसे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. पियानोच्या वरच्या बऱ्याचशा स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. पट्टी दाबली की लाकडी हातोडी त्यांवर आपटते. या तारांच्या मध्ये रबर, लाकूड किंवा धातूचा तुकडा अडकवला की तार मोकळेपणी थरथरू शकत नाही. कधी तिचा नाद दबून नुसता ठोका उरतो. कधी मूळ स्वर हरवून त्याच्या जागी दोन-तीन अनोळखी स्वर एकदम वाजतात. 'बॅकनाल'मध्ये फक्त बारा स्वर असे सज्ज केलेले आहेत. बहुतेक ठिकाणी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवण्याच्या पट्टीचे तुकडे, आणि एखाद-दुसऱ्या जागी बोल्ट, स्क्रू, नट. पुढे १९४६ ते १९४८ या काळात केज यांनी 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' ही मोठी रचना केली, तेव्हा सज्ज स्वरांची संख्या ४५ वर गेली आणि कोणती वस्तू कोणत्या जागी ठेवायची त्याचे मोजमापासह कोष्टकच तयार झाले. पण मुळात हे सारे घरातल्या आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तूंवर निघाले.

आपल्या वाचकाला हे फार विचित्र वाटण्याचे कारण नाही. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बसावे. फरीदसाहेबांच्या घराण्याने शिकलगारीचा धंदा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचे काम सोडून सतारी-तानपुरे घडवायला घेतले आणि एकोणिसाव्या शतकात मिरजेचे नाव झाले. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतो. त्याला जीवा म्हणतात. तो धागा केसभर पुढे-मागे झाला की मुकी तार एकदम गुंजू लागते. पखवाजाच्या धुम्याला वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापतात आणि मैफल संपली की खरवडून काढतात. मैहरमध्ये उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी तर बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंग बनवले. वाद्याला परकी वस्तू लावून त्याचा आवाज वळवणे हा हुनर आपल्या ओळखीचा आहे.

फरक आहे तो दिशेचा. तबल्याच्या कातड्यावर शाई चढवली जाते, ती त्या कातड्याच्या गोंगाटातून सूर निघावा म्हणून. साध्या ढोलाच्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या थरामुळे ते तारेच्या उपस्वरांसारखे जुळतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. म्हणजे आपल्या कारागिराने ठोक्याचा सूर केला. केज यांनी उलट केले. युरोपने तीनशे वर्षे घासूनपुसून शुद्ध केलेल्या सुराचा त्यांनी ठोका केला. 'बॅकनाल'चे महत्त्व आम्हाला इथे दिसते. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले एक प्रतिष्ठित वाद्य नर्तिकेच्या पायांची बरोबरी करायला जमिनीवर उतरले.

आम्ही ही रचना ध्वनिमुद्रणावर अनेकदा ऐकली आहे. सातवीच्या वर्गालाही एकदा ऐकवली आणि हे कोणते वाद्य ते वहीत लिहा म्हटले. डफ, पत्र्याचा डबा, घुंगरू, शिलाई मशीन अशी उत्तरे आली. पियानो एकानेही लिहिले नाही. रचना दहा मिनिटांच्या आतली आहे. सुरुवातीला मोजकेच स्वर वेगाने पुन्हा पुन्हा येतात, मध्येच एकदम थांबतात, पुन्हा सुटतात. मधला भाग संथ, दबक्या आवाजाचा. नंतर परत वेग.

आमचे मत विचाराल तर या वेगाच्या भागांनी काही वेळाने कान शिणतात. तिथे संगीतकाराला 'रानटी' ढोलाचा आभास निर्माण करायचा आहे, हे जाणवत राहते. पण ते अचानक येणारे थांबे मात्र विलक्षण आहेत. एकटे संगीत म्हणून ऐकताना ते पोकळ वाटतात. जणू कोणी वाक्य अर्धवट सोडले. जरा विचार केला की उमगते, ती जागा रिकामी नाहीच. तिथे नर्तिका आहे. तिचे वळणे, तिचे उसळणे, तिचा श्वास त्या जागेत आहे. मधल्या संथ भागात तर पियानो जवळपास अदबीने बाजूला उभा राहतो. कथ्थकमध्ये तबलजी ठेका नुसता धरून ठेवतो आणि नजर नर्तिकेच्या पावलांकडे ठेवतो, तसे. हाच भाग आम्हाला सर्वांत सरस वाटतो.

म्हणून आम्ही म्हणतो की 'बॅकनाल' ही एकट्याची रचना नाही. ती दोघांची आहे. आज कोणी ती वाजवतो तेव्हा बहुधा पियानोवादक एकटाच मंचावर असतो आणि टाळ्याही त्यालाच पडतात. अर्धा संवाद ऐकून आपण तो पूर्ण समजतो. संगीत कागदावर लिहिता आले म्हणून ते राहिले. नाच अंगावर लिहिलेला असतो, अंगाबरोबर जातो. आपल्याकडे पठ्ठे बापूरावांची कवने छापून राहिली आणि पवळाचा नाच तो पाहणाऱ्यांबरोबर गेला, तसेच हे.

आता 'आफ्रिकी' या शब्दाकडे येऊ. नृत्य आफ्रिकी बाजाचे होते, असे केज लिहितात. फोर्टबाई कृष्णवर्णीय होत्या. पण त्यांचा जन्म १९१७ चा आणि सिएटलचाच. लहानपणी बॅले शिकायला गेल्या तेव्हा रंगामुळे शाळांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. आईने घरी शिकवणीची सोय केली. स्वतः लहान असतानाच त्या आजूबाजूच्या, फी न परवडणाऱ्या मुलांना शिकवू लागल्या. अशा मुलीकडे पाहून संगीतकाराला प्रथम आफ्रिका आठवते आणि तो एक दिवस आफ्रिकी स्वरांची ओळ शोधण्यात घालवतो. यात वाईट हेतू नव्हता. पण हा अनुभव या अंकात लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना अगदी चांगला ओळखीचा आहे. मराठीतले संपादक आम्हाला मोहरमवर लिहायला सांगतात, बुरख्यावर सांगतात, बिर्याणीवर तर दर वर्षी सांगतात. पावसावर लिहा, असे आजवर कोणी सांगितले नाही. पाऊस आमच्याही पत्र्यावर पडतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

अर्थात, दुसरी बाजूही मांडली पाहिजे. फोर्टबाईंनी पुढे खरोखरच त्या वाटेने जाऊन अभ्यास केला. १९४१ मध्ये त्या कॅथरीन डनहॅम यांच्या नृत्यसंचात दाखल झाल्या. डनहॅम या नर्तिका तर होत्याच, शिवाय मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. हैती आणि जमैका इथे राहून त्यांनी तिथल्या नृत्यांचा अभ्यास केलेला. त्यांच्याकडून आणि स्वतःच्या रियाजातून फोर्टबाईंनी आफ्रिकी, कॅरिबियन आणि आधुनिक नृत्य एकत्र आणणारी आपली पद्धत घडवली. तेव्हा मुळांकडे जाण्यात काही कमीपणा नाही. पण स्वतः चालत जाऊन गाठलेले मूळ वेगळे आणि दुसऱ्याने कपाळावर चिकटवलेली चिठ्ठी वेगळी. 'बॅकनाल'च्या संगीतात आफ्रिका शोधण्यात अर्थ नाही. ती त्यात नाही. त्यात एक अरुंद मंच आहे, एक निकड आहे आणि एका मुलीची पावले आहेत. ते संगीत जिथे या तिघांशी प्रामाणिक राहते तिथे ते उत्तम आहे.

केज यांच्यावर नाव लपवल्याचा आरोप कोणी करू नये. ही हकिकत लिहिताना फोर्टबाईंचे नाव त्यांनी स्पष्ट घेतले आहे. साल मात्र ते १९३८ सांगत राहिले. ते १९४० होते, हे पुढे अभ्यासकांनी ठरवले. सालाची चूक दुरुस्त करण्याची मेहनत झाली, हे चांगलेच झाले. पण तेवढीच मेहनत दुसऱ्या चुकीवर झाली नाही. संगीताच्या पुस्तकांत फोर्टबाई येतात त्या एका वाक्यापुरत्या. त्यांनी संगीत मागितले, मंच लहान होता, आणि मग पुढची सगळी पाने केज यांच्या कल्पकतेची. पण जागेची अडचण ही ज्याच्या कामात येते, त्याचाही शोधात वाटा असतो. गरज सांगणारी व्यक्ती नसती, तर स्क्रू दुकानातच राहिला असता. शिवाय त्या नव्या आवाजावर पहिल्यांदा आपले शरीर टाकण्याची जोखीम कोणी घेतली? वाद्य फसले असते तर वादक बाजूला अंधारात बसलेला होता. हसे झाले असते ते उजेडात उभ्या असलेल्या नर्तिकेचे.

पुढच्या काळात केज यांनी मर्स कनिंगहॅम या नर्तकाबरोबर अनेक वर्षे काम केले आणि नाच व संगीत एकमेकांपासून वेगळे रचण्याची रीत घातली. दोन्ही एकाच वेळी मंचावर येतील, पण कोणी कोणाची साथ करणार नाही. हा विचार फार गाजला. १९६४ मध्ये कनिंगहॅम यांचा संच भारतातही येऊन गेला. त्या विचाराची थोरवी आम्ही नाकारत नाही. पण 'बॅकनाल'मध्ये अजून एकजण दुसऱ्याकडे पाहत होता. मागणारी होती आणि देणारा होता. आमच्या मनाला ही पहिली रीत अधिक जवळची वाटते.

फोर्टबाईंचे पुढे काय झाले? १९४५ च्या सुमारास गुडघ्याला इजा झाली आणि मंचावरचा नाच मागे पडला. त्यांनी शिकवायला घेतले. १९४८ पासून डनहॅम यांच्या न्यूयॉर्कमधल्या शाळेत त्या मुख्य शिक्षिका होत्या. १९५५ मध्ये पती बडी फिलिप्स यांच्यासह त्यांनी स्वतःचा नृत्यवर्ग उघडला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातही शिकवले. आम्ही बी.एड. केलेले मास्तर, त्यामुळे शिक्षकांना घडवणाऱ्या संस्थेतली ही नेमणूक आम्हाला विशेष वाटली. मार्लन ब्रँडो त्यांच्याकडे शिकला, ॲल्विन एली शिकला. फी न देऊ शकणारी लेकरे लहानपणी त्यांच्याकडे शिकली, ती गोष्ट तर वेगळीच. नोव्हेंबर १९७५ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. नाच छापून राहत नाही हे खरे. पण तो एका अंगातून दुसऱ्या अंगात उतरतो. शिक्षकाची वही ती हीच.

आता आमच्या शाळेतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात आठवीच्या एका मुलीने अभिनयगीत बसवले होते. पाणी भरायला जाणाऱ्या बाईचे. घागर, विहीर, दोर, सगळे नुसत्या हातांनी दाखवायची. ऐनवेळी वीज गेली आणि ध्वनिक्षेपक बंद पडला. मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, गाना नहीं तो ठेका तो दो कोई!" वर्गातल्या एका मुलाने बाक ओढला, त्यावर कंपासपेटी उपडी ठेवली, पेटीत दोन चाव्या टाकल्या आणि बोटांनी वाजवू लागला. मुलीने त्याला मान हलवून लय दाखवली, हळू कुठे, जलद कुठे. पाच-सहा मिनिटे सगळे सभागृह चिडीचूप होते. दोर तुटून घागर विहिरीत पडते, त्या जागी मुलाने हात थांबवला. त्या शांततेत पुढच्या रांगेतल्या बायकांच्या तोंडून "हाय अल्ला" निघाले.

शाळेच्या वार्षिक अहवालात कार्यक्रमाचा वृत्तांत आम्हीच लिहिला. 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्याने कंपासपेटीवर अभिनव वाद्यवादन केले', असे मुलाच्या नावासकट लिहिले. मुलीचे नाव लिहिले नाही. कोणी तसे सांगितले नव्हते. कोणी पालक बोलतील, मोहल्ल्यात चर्चा होईल, मुलीलाच त्रास होईल, असे आम्ही मनाशी ठरवले आणि तिच्या हिताच्या नावाखाली तिला अहवालातून काढून टाकले. अहवाल छापून आल्यावर ती तो हातात घेऊन आली. काही बोलली नाही. पानावर बोट ठेवून एकदा आमच्याकडे पाहिले आणि निघून गेली.

'बॅकनाल'ची हकिकत आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा सिएटलच्या आधी ते बोट आठवले. इतिहास नावे गाळतो, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहास नावे गाळत नाही. एखादा मास्तर, एखादा समीक्षक, एखादा संपादक रात्री दिव्याखाली बसून ती गाळतो, आणि बहुतेक वेळा त्याचा हेतू चांगलाच असतो.

समीक्षेचे काम दाद देणे हे आहेच, पण दाद योग्य पत्त्यावर पोहोचते की नाही हे पाहणेही तिचेच काम आहे. सज्ज पियानोचा शोध कोणी लावला, असे कोणी विचारले तर आमच्या वर्गातली मुले आता दोन नावे लिहितात. परीक्षेत हा प्रश्न कधी येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. आणि शाळेच्या अहवालाचे जुने बाड आम्ही कपाटातून काढले. त्या ओळीपुढे शाईने एक नाव लिहिले आणि खाली तारीख घालून सही केली.